लॅपटॉप न नेता, नुसत्या मोबाइलवरून पंपाच्या कंट्रोलरमधला प्रोग्रॅम बदलता येतो का?

पाणीवाला_लालबाग

सर्वांस नमस्कार.

मी लालबाग, परळ आणि गिरगाव भागांतील जुन्या इमारतींमध्ये पाण्याच्या पंपांचे स्वयंचलित कंट्रोलर बसवतो आणि त्यांची देखभालही करतो. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळेत येते, ते आधी जमिनीखालच्या टाकीत उतरते आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. खालच्या टाकीत पुरेसे पाणी असेल आणि वरची टाकी रिकामी होत आली असेल तरच पंप सुरू करायचा, पंप कोरडा चालू लागला तर लगेच थांबवायचा, आणि पाणी हिंदकळल्यामुळे फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर तरंगणारा स्विच) वरखाली झाला तरी रिले (पंप चालू-बंद करणारा विद्युत स्विच) फडफडू द्यायचा नाही, इतकेच काम या कंट्रोलरला करायचे असते.

बहुतेक ठिकाणी मी आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या धर्तीचे, यूएसबीसाठी सीएच३४० चिप असलेले बोर्ड वापरले आहेत. अलीकडच्या काही कामांत ईएसपी३२ हा वायफाय असलेला बोर्ड आहे. याशिवाय काही इमारतींत पूर्वी दुसऱ्या कोणी बसवलेले कंट्रोलर आहेत, ज्यांत नुसती पिक चिप (मायक्रोचिप कंपनीचा मायक्रोकंट्रोलर) आहे आणि यूएसबीचे तोंडच नाही.

पाण्याची वेळ बदलली किंवा सोसायटीने वेगळ्या क्षमतेचा पंप घेतला की प्रोग्रॅममधले दोन-तीन आकडे बदलावे लागतात आणि तेवढ्यासाठी लॅपटॉप घेऊन जावे लागते. गर्दीच्या लोकलमधून, भर पावसात तो सांभाळायचा, आणि पंपघरात पोहोचल्यावर ठेवायला कोरडी जागा शोधायची, हे आता नकोसे झाले आहे. माझा मोबाइल अँड्रॉइडचा आहे आणि त्याला टाइप-सी तोंड आहे. पंपघरात मोबाइलचे नेटवर्क जवळजवळ नसते, त्यामुळे इंटरनेटवर अवलंबून असलेला उपाय उपयोगाचा नाही. अशा परिस्थितीत मोबाइलवरच कोड लिहून तो थेट बोर्डवर चढवता येईल का, आणि पिकच्या जुन्या कंट्रोलरांचे काय करता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

अर्धवाहक_दादर

आपले नॅनोचे काम मोबाइलवरून नक्की होईल. आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी: आपण ज्याला ‘प्रोग्रॅम करणे’ म्हणतो त्यात खरे तर तीन वेगवेगळी कामे असतात. कोड लिहिणे हे पहिले, तो चिपला समजेल अशा हेक्स फाइलमध्ये रूपांतरित करणे म्हणजे कंपाइल करणे हे दुसरे, आणि ती फाइल चिपच्या फ्लॅश मेमरीत उतरवणे हे तिसरे. लिहिणे आणि उतरवणे ही दोन कामे साधा मोबाइलही सहज करतो. अडते ते मधल्या कामापाशी, कारण त्यासाठी पूर्ण कंपायलर मोबाइलमध्ये असावा लागतो. आर्डुइनोड्रॉइड नावाच्या अॅपमध्ये तो असतो आणि नॅनोवर असते त्या एव्हीआर चिपसाठीचे कंपाइलिंग ते मोबाइलवरच करते, त्यामुळे नेटवर्क नसलेल्या पंपघरातही काम अडत नाही. मात्र कोडला लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) घरी नेटवर्क असतानाच उतरवून घ्याव्यात आणि निघण्यापूर्वी तो कोड एकदा तिथेच कंपाइल करून पाहावा.

मोबाइलने यूएसबीचे यजमानपद घेण्याची सोय अँड्रॉइडच्या ३.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून आहे. काही मोबाइलमध्ये ओटीजी (मोबाइलला दुसरे यूएसबी उपकरण जोडण्याची सोय) नावाचे बटण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते, आणि काही वेळ काहीच जोडलेले नसेल तर ते आपोआप बंदही होते. बोर्ड दिसत नसेल तर आधी तिथे पाहावे. सीएच३४० साठी मोबाइलवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही, कारण त्या चिपशी कसे बोलायचे हे अॅपलाच ठाऊक असते. बोर्ड जोडल्यावर मोबाइल परवानगी विचारतो, ती मात्र द्यायलाच हवी.

नॅनोच्या बाबतीत एक जागा अशी आहे की तिथे नवखे लोक हमखास अडकतात. बूटलोडर म्हणजे यूएसबीवरून आलेला प्रोग्रॅम चिपमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्रॅम. जुन्या बूटलोडरचे नॅनो ५७६०० बॉड या वेगाने बोलतात आणि नवे ११५२०० ने. आर्डुइनोने स्वतःच्या नॅनोवर नवा बूटलोडर २०१८ पासून द्यायला सुरुवात केली, पण बाजारातल्या नकलांमध्ये जुना अजूनही सर्रास आढळतो. वायरिंग ठीक असूनही प्रोग्रॅम चढत नसेल, तर बोर्डच्या यादीतून ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहावे.

जागेवर कोड बदलण्याची गरजच नसेल, तर घरच्या संगणकावर हेक्स फाइल तयार करून ती मोबाइलमध्ये घेऊन जाणे मला अधिक सुरक्षित वाटते. अशी फाइल चढवणारी वेगळी अॅप मिळतात. आर्डुइनोच्या संगणकावरील सॉफ्टवेअरमधून हेक्स बाहेर काढताना दोन फाइली तयार होतात, त्यांतली बूटलोडर नसलेली फाइल यूएसबीवरून चढवण्यासाठी घ्यावी.

रिपेअरवाला_कुर्ला

वरील माहिती योग्यच आहे, परंतु मोबाइल जोडण्यापूर्वी कंट्रोलरचा वीजपुरवठा कसा आहे हे पाहिल्याशिवाय कृपया कोणीही केबल लावू नये. स्वस्त कंट्रोलरांमध्ये, आणि आपण सांगितलेल्या पिकच्या जुन्या पट्ट्यांमध्ये (सर्किट बोर्डांमध्ये) तर विशेषकरून, ट्रान्सफॉर्मर नसतो. त्याऐवजी फेजच्या मार्गात एक चौकोनी कपॅसिटर असतो, त्यावर बहुधा २७५ किंवा ४०० व्होल्ट असा आकडा छापलेला असतो, आणि पुढे झेनर डायोड लावून पाच व्होल्ट मिळवलेले असतात. अर्ध्या मायक्रोफॅरडच्या आसपासच्या कपॅसिटरमधून साधारण तीस मिलिअँपिअर करंट मिळतो आणि एका चिपला तो पुरतो, म्हणून बनवणारा तेवढ्यावर भागवतो. पण अशा सर्किटचा ग्राउंड थेट २३० व्होल्टच्या लाइनला जोडलेला असतो. त्याला यूएसबीची केबल लावली की मोबाइलच्या चार्जिंगच्या तोंडाची धातूची कड लाइनच्या दाबावर जाते, आणि ती व्यक्ती पंपघरात, ओल्या जमिनीवर, मोबाइल हातात धरून उभी असते. पाच व्होल्ट बरोबर आहेत एवढे मल्टिमीटरवर पाहून हा धोका कळत नाही, कारण ते पाच व्होल्ट खरोखरच बरोबर असतात.

तेव्हा पॅनेल उघडल्यावर आधी ट्रान्सफॉर्मर किंवा बंदिस्त एसएमपीएस (वीज रूपांतरित करणारे) मॉड्यूल दिसते का ते पाहावे. ते दिसले नाही तर बोर्ड पूर्ण बाहेर काढून, लाइनपासून तोडून, कपॅसिटरमधला विद्युतभार उतरल्याची खात्री झाल्यावरच त्यावर काम करावे. ट्रान्सफॉर्मर असला तरीसुद्धा पंपाचा आणि कंट्रोलरचा असे दोन्ही एमसीबी पाडावेत आणि बोर्डला वीज फक्त मोबाइलकडून मिळू द्यावी. बाहेरून पाच व्होल्टच्या पिनला पुरवठा चालू असताना मोबाइलही लावला, तर दोन पुरवठे एकमेकांवर येतात.

पाणीवाला_लालबाग

दोघांचेही मनापासून आभार. वीजपुरवठ्याविषयीची सूचना फार मोलाची आहे. माझ्या स्वतःच्या सर्व पॅनेलमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे, पण पिकच्या जुन्या पट्ट्या आता या दृष्टीने तपासून घेईन.

काल घरी टेबलावर प्रयोग करून पाहिला. मिनी यूएसबीचा जुना नॅनो ओटीजीने लगेच चालला आणि ‘ओल्ड बूटलोडर’ निवडल्यावर प्रोग्रॅमही चढला. दोन शंका उरल्या आहेत. टाइप-सी तोंड असलेला नवा नॅनो मोबाइलला टाइप-सी केबलने थेट जोडला तर त्याचा दिवाही लागत नाही, तीच केबल दोन मोबाइल एकमेकांना जोडायला मात्र चालते. दुसरी शंका अशी की, मोबाइलवर सीरियल मॉनिटर (बोर्डशी मजकुराची देवाणघेवाण करणारी खिडकी) नुसता उघडला तरी रिले क्षणभर टक् करून वाजतो. पंपघरात असे झाले तर पंपाला विनाकारण झटका बसेल.

अर्धवाहक_दादर

पहिल्या शंकेचे कारण बोर्डमध्येच आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये समोर वीज घेणारे उपकरण आहे हे मोबाइलला सीसी नावाच्या दोन पिनांवरच्या ५.१ किलोओमच्या रेझिस्टरांवरून कळते, आणि ते कळल्याशिवाय तो पाच व्होल्ट सोडतच नाही. स्वस्त बोर्डांवर हे रेझिस्टर अनेकदा लावलेलेच नसतात. यावर सोपा उपाय म्हणजे मोबाइलला टाइप-सी ओटीजीचा छोटा जोड लावावा आणि तिथून पुढे नेहमीची, एका टोकाला जुने चपटे तोंड असलेली केबल वापरावी. ती केबल नुसती चार्जिंगची नसावी, तिच्यात डेटाच्या तारा असाव्यात. असा जोड लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळतो. पिशवीत दोन ठेवावेत, कारण पंपघराच्या दमटपणात त्यांचे संपर्क लवकर काळे पडतात.

दुसऱ्या शंकेबाबत असे की, सीरियल पोर्ट उघडला की सीएच३४० ची डीटीआर ही रेषा खाली जाते आणि एका छोट्या कपॅसिटरमधून ती मुख्य चिपला रिसेट करते. प्रोग्रॅम आपोआप चढतो तो याच सोयीमुळे. रिसेटनंतर बूटलोडर काही क्षण चालतो, आणि तेवढ्यात तो १३ क्रमांकाच्या पिनवरचा दिवा लुकलुकवतो. रिले त्याच पिनवर घेतला असेल तर तो वाजणारच. तो दुसऱ्या पिनवर हलवावा. बूटलोडर चालू असताना बाकीच्या पिना मोकळ्या तरंगत असतात, म्हणून रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओमचा रेझिस्टर टाकावा, म्हणजे पिन तरंगत असतानाही रिले बंदच राहील. ज्या पॅनेलवर फक्त वाचन करायचे आहे, प्रोग्रॅम बदलायचा नाही, तिथे रिसेट आणि ग्राउंड यांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास मॉनिटर उघडल्यावर रिसेट होत नाही. प्रोग्रॅम चढवायच्या वेळी मात्र तो काढावा लागतो.

प्रयोगशाळा_मुलुंड

मी पॉलिटेक्निकमध्ये एम्बेडेड सिस्टीम शिकवते. इथवरची तांत्रिक माहिती अचूक आहे, पण मला मूळ प्रश्नाकडेच पुन्हा वळावेसे वाटते. धागाकर्त्यांनी पहिल्याच निवेदनात लिहिले आहे की प्रत्येक वेळी बदलतात ते दोन-तीन आकडे. मग त्या आकड्यांसाठी संपूर्ण प्रोग्रॅम पुन्हा चढवण्याची पद्धतच बदलायला हवी असे माझे ठाम मत आहे. पंपघरात, घाईत, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर कोडची एखादी ओळ बदलताना कंस किंवा अर्धविराम गळण्यापेक्षा मोठा धोका असा आहे की, एका इमारतीतला कोड दुसऱ्या इमारतीतल्या कोडपेक्षा हळूहळू वेगळा होत जातो, आणि काही काळाने कुठल्या पॅनेलमध्ये काय चालू आहे हे खुद्द बसवणाऱ्यालाही खात्रीने सांगता येत नाही.

नॅनोमधल्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये १०२४ बाइटची ईईप्रॉम असते आणि वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकतो. बूटलोडरमधून नवा प्रोग्रॅम चढवला तरी तिला धक्का लागत नाही. पंप सुरू करण्यापूर्वीचा विलंब, कोरड्या पंपाची मुदत, सलग जास्तीत जास्त किती वेळ चालायचे, ही सर्व मूल्ये तिथे ठेवावीत आणि सीरियलवरून एखादे अक्षर व त्यापुढे आकडा पाठवला की ते मूल्य बदलेल अशी छोटी सोय प्रोग्रॅममध्ये करावी. उदाहरणार्थ, ‘व ४५’ असे पाठवले की विलंब ४५ सेकंद. प्रत्यक्षात देवनागरीऐवजी रोमन अक्षर वापरावे, कारण ते एकाच बाइटात मावते. हे काम मोबाइलवरच्या कोणत्याही सीरियल टर्मिनल अॅपवरून होते. त्यासाठी कंपायलरही लागत नाही आणि हेक्स फाइलही लागत नाही.

दोन काळज्या मात्र घ्याव्यात. कोऱ्या ईईप्रॉममधला प्रत्येक बाइट २५५ असा वाचला जातो, म्हणजे दोन बाइटांचे मूल्य ६५५३५ येते. हा आकडा सेकंदांत धरला तर पंप अठरा तासांहून अधिक वाट पाहत बसेल आणि संपूर्ण इमारत कोरडी राहील. म्हणून वाचलेले मूल्य ठरलेल्या मर्यादेत नसेल तर प्रोग्रॅमने स्वतःचे सुरक्षित मूल्य वापरावे. शिवाय, लिहिताना आधीचे आणि नवे मूल्य सारखेच असेल तर लेखन टाळावे. आर्डुइनोच्या लायब्ररीत त्यासाठी ‘अपडेट’ हे फंक्शन दिलेलेच आहे. ईईप्रॉमची हमी एक लाख लेखनांची असते, पण चुकून मुख्य लूपमध्येच लेखन गेले तर ती संपायला फार वेळ लागत नाही.

केबल लावायचीच नसेल तर एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल जोडावे. मग पॅनेलचे दार न उघडता, २३० व्होल्टच्या जवळही न जाता, बाहेर उभे राहून मूल्ये बदलता येतात, आणि कुर्ल्याच्या मित्रांनी सांगितलेला धोका मुळातच टळतो. त्याचा कारखान्यातून येणारा १२३४ हा गुप्त क्रमांक मात्र आधी बदलावा. मॉड्यूलची संदेश घेणारी रेषा ३.३ व्होल्टची असते, म्हणून नॅनोकडून तिथे जाताना दोन रेझिस्टरांचा विभाजक हवा. आयफोनवर ही जुन्या पद्धतीची ब्लूटूथ सीरियल चालत नाही, हे सोसायटीच्या कोणाच्या हाती ते काम द्यायचे असल्यास लक्षात ठेवावे.

ईएसपी३२ असलेल्या पॅनेलवर तर याहून सोपे आहे. तो स्वतःचेच वायफाय सुरू करू शकतो, त्यामुळे पंपघरात नेटवर्क नसल्याने काही बिघडत नाही. मोबाइल त्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ हा पत्ता उघडला की मूल्ये भरायचे पान दिसेल, अशी सोय कोडमध्ये करता येते. त्याच पानावरून घरी तयार करून आणलेली नवी बिन फाइलही (ईएसपी३२ साठी कंपाइल केलेली फाइल) चढवता येते. ईएसपी३२ च्या फ्लॅशमध्ये प्रोग्रॅमसाठी दोन जागा राखता येतात. नवा प्रोग्रॅम रिकाम्या जागेत उतरतो आणि पूर्ण उतरून तपासला गेल्यावरच पुढच्या वेळी तिथून सुरू होतो, त्यामुळे मधेच वीज गेली तरी जुना प्रोग्रॅम शाबूत राहतो. नॅनोमध्ये ही सोय नाही. तिथे अर्धवट चढलेला प्रोग्रॅम म्हणजे पुन्हा चढवेपर्यंत बंद पडलेला पंप.

विद्यार्थ्यांना मी अशा कामासाठी अनेकदा मायक्रोपायथन या भाषेकडे वळवते, कारण त्यात कंपाइल करण्याचे काम चिप स्वतःच करते आणि मोबाइलवरून नुसती मजकुराची फाइल पाठवली की पुरते. परंतु पंप चालवणाऱ्या पॅनेलसाठी मी ते सुचवणार नाही. जागेवर सहज बदलता येणारा कोड ही शिकताना मोठी सोय आहे, पण इमारतीच्या पाण्यासाठी ती नको असलेली मोकळीक आहे.

रिपेअरवाला_कुर्ला

पिकच्या पट्ट्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मायक्रोचिपच्या पिककिट ३ या प्रोग्रॅमरमध्ये ‘प्रोग्रॅमर टू गो’ नावाची सोय आहे. घरी संगणकावरून हेक्स फाइल एकदा त्याच्यातच भरून ठेवायची, आणि जागेवर त्याला यूएसबी पॉवर बँक लावून बटण दाबायचे. संगणक किंवा मोबाइल काहीच लागत नाही. नंतरच्या पिककिट ४ मध्ये त्यासाठी मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे. आपली चिप या सोयीच्या यादीत आहे का ते आधी पाहावे. काही पॉवर बँका करंट फार कमी ओढला जातोय असे पाहून स्वतःहून बंद होतात, हेही घरीच तपासून निघावे.

पट्टीवर पाच तारा लागतात: एमसीएलआर, व्हीडीडी, ग्राउंड, पीजीडी आणि पीजीसी. पट्टीवर त्यांची जागा काढलेली नसेल तर चिपच्या पायांना क्लिप लावावी लागते. पण खरी अडचण वेगळी आहे. पूर्वी ज्याने तो कंट्रोलर बनवला त्याने कोड संरक्षित केलेला असेल, तर चिपमधून जुना प्रोग्रॅम वाचता येणार नाही आणि नवा चढवताना जुना कायमचा पुसला जाईल. मूळ हेक्स हाती नसताना पिकच्या पट्टीला हात लावू नये. माझ्या मते त्या इमारतींत आपला ट्रान्सफॉर्मरवाला नॅनोचा कंट्रोलर बसवून टाकावा. पट्टी दुरुस्त करण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात नवे पॅनेल उभे राहते.

पाणीवाला_लालबाग

मॅडम, आपले म्हणणे पूर्ण पटले. सर्व नॅनोसाठी आता एकच प्रोग्रॅम ठेवतो आणि प्रत्येक इमारतीचे आकडे ईईप्रॉममध्ये घालतो. ईएसपी३२ वर आपण सांगितले तसे पान तयार केले, पण मोबाइल त्या वायफायला जोडला जाऊन थोड्याच वेळात आपोआप सुटतो आणि पान उघडत नाही. बोर्डमध्ये काही दोष असेल का?

प्रयोगशाळा_मुलुंड

बोर्डमध्ये दोष नाही. या वायफायवर इंटरनेट नाही असे दिसले की अँड्रॉइड ते सोडून मोबाइल डेटाकडे वळतो. जोडल्यावर ‘इंटरनेट नसले तरी जोडलेले राहावे का’ असा संदेश येतो, तिथे होय म्हणावे आणि पुन्हा विचारू नये अशी खूणही करावी. संदेश दिसलाच नाही तर काम होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवावा. वायफायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा, त्याहून लहान दिल्यास ईएसपी३२ ते वायफाय सुरूच करत नाही. आणि फाइल चढवण्याच्या पानाला मूल्यांच्या पानापेक्षा वेगळा पासवर्ड द्यावा. पहिला सोसायटीच्या सेक्रेटरींकडे देता येईल, दुसरा फक्त आपल्याकडे राहू द्यावा.